हनुवटी

मी फक्त गाडी चालवतो, हे आधीच सांगून टाकतो.
पुंता अरेनासहून उत्तरेला, नऊ नंबरच्या रस्त्यावर,
जिथे वाऱ्यापायी झाडं जन्मभर एकाच बाजूला कलून असतात,
बहिऱ्या माणसाने कान पुढे करावा तशी.

जून महिना. साडेपाचलाच मिट्ट काळोख.
व्हिया तेहुएल्चेसच्या अलीकडे एक पिकअप उलटलेली,
ग्वानाको आडवा आला म्हणे.
चाकं अजून फिरत होती. वाऱ्यानेच.
माणूस मेंढ्यांची लोकर कातरणारा, चिलोए बेटाचा,
एलादिओ काइचेओ.
नाव खिशातल्या कार्डावरून कळलं,
चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं उरलं नव्हतं.

यास्ना त्याच्या डोक्यापाशी, गुडघे बर्फाच्या राडीत.
लॅरिंगोस्कोपचा दिवा तिने घशात सोडला
विहिरीत कंदील सोडतात तसा.
विहीर रक्ताने भरलेली.
सक्शनचा खरखराट. पुन्हा रक्त.
मी मान सरळ धरून होतो. तिने ब्लेड बदललं, पुन्हा वाकली.
"दिसत नाहीये, नेल्सन."
आकडा नव्वदवर होता. शहाऐंशी. ऐंशी.

आणि तिने नळी खाली ठेवली.

ही गोष्ट सांगताना मी इथे दर वेळी अडखळतो,
कारण मार्चमध्येही मी होतो.
तेव्हा ती तिसऱ्यांदा वाकली होती, चौथ्यांदा वाकली होती,
आता दिसेल, आता जाईल,
आणि आकड्याकडे पाहायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.
सहा वर्षांची मुलगी.
नंतर तिच्या आईनेच यास्नाला पाणी आणून दिलं.
ग्लास घेताना यास्नाचा हात थरथरला नाही.
तेव्हाच मला भीती वाटली होती.

तर, नळी खाली.
मास्क चेहऱ्यावर, दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोपऱ्यांत,
जबडा वर, पुढे, आणि तिथेच धरून ठेवलेला.
पिशवी दाबायला बंबावरचं एक पोर घेतलं,
एकोणीस वर्षांचा, एरवी बेकरीत पीठ मळणारा.
"हळू दाब. छाती उठली की सोड.
घाई तुला झालीय, त्याला नाही."

मग एक्याण्णव किलोमीटर.
आरशात तिची वाकलेली पाठ दिसत होती.
रुसलेल्याच्या हनुवटीला हात लावून
कुणीतरी मनधरणी करत बसलंय, असं वाटावं.
श्वास घ्यायला फुरसत नाही, असं मी किती सहज म्हणत आलो.
मागे एकेक श्वास मोजून दिला जात होता,
एक, आणि मग रस्ता, आणि मग एक.
सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव.
चौऱ्याण्णवला पोराने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर म्हणाला, नळी का नाही घातली?
"जमली नाही," यास्ना म्हणाली.
एवढंच. दोन शब्द.
ते शिकायला तिला मार्चपासून जून लागला.

काइचेओ जगला. सगळे तेच विचारतात म्हणून सांगतो.
नसता जगला, तरी मी हीच गोष्ट सांगितली असती.

रात्री गॅरेजमध्ये मी माते केला.
तिला भोपळा धरता येईना. बोटं उघडत नव्हती,
एका परक्या जबड्याच्या मापाची होऊन बसली होती.
मी धरला, ती नळीने प्यायली.
हसलो आम्ही. नळी शेवटी गेली म्हणाली.
आणि मग, मध्ये काही न बोलता,
तिने त्या मुलीचं नाव घेतलं.
मार्चनंतर पहिल्यांदा.
मी भोपळ्यात गरम पाणी ओतत राहिलो.
पत्र्यावर वारा आपटत होता.

थोड्या वेळाने उठली.
सक्शन तपासलं. बॅटरी.
ब्लेडचा दिवा, चालू, बंद, चालू.